घोटा मुरगळला, कंबर धरली, पण हाड मोडलं नाही. मग भरपाई कशाची?

प्रश्न असा आला आहे: "माझे मिस्टर हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला आहेत. वय ३४, पगार १७,५००. तीन आठवड्यांपूर्वी लोखंडी चॅनल उचलताना पाय घसरला, घोटा मुरगळला आणि कंबरेत चमक भरली. एक्स-रे नॉर्मल आला. सुपरवायझरने दवाखान्यात 'घरी पडलो असं सांग' म्हटलं. ठेकेदाराने ५,००० रुपये देऊन एका कागदावर सही घेतली. आता म्हणतात, हाड मोडलं नाही म्हणजे अपघात नाही, सुट्टी आजारपणाची टाकतो. एमआरआयमध्ये मणक्याची गादी सरकलीय असं आलं तर म्हणे ते दुखणं जुनंच आहे. आम्ही काय करावं?"

ताई, आधी मीच तुम्हाला विचारतो. त्या दिवशी दवाखान्यात निघालेला पहिला केसपेपर तुमच्याजवळ आहे का? त्यावर दुखापत कशी झाली म्हणून काय लिहिलंय? बाकीचं सगळं त्या दोन ओळींवर येऊन थांबतं. एमआरआय, वकील, ठेकेदाराचा कागद, हे सगळं नंतर.

गेली बावीस वर्षं मी हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत डॉक्टर म्हणून जातो, आणि कामगार न्यायालयात साक्षीला उभं राहण्याची वेळही बऱ्याचदा आली आहे. पहिल्या खेपेचा धडा अजून विसरलो नाही. एक लोडर आला होता, कंबर धरून, वाकडा चालत. मी विचारलं, "कधीपासून दुखतं?" तो म्हणाला, "दुखते तर पंधरा दिवसापासून जी, पण आज पोतं उचललं अन् चमक निंगाली." मी घाईत लिहिलं: कंबरदुखी, पंधरा दिवस. आज उचललेलं पोतं माझ्या पेनातून उतरलंच नाही. दोन वर्षांनी उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने तोच कागद माझ्यासमोर धरला. "डॉक्टर, यात अपघाताचा उल्लेख दाखवा." दाखवायला काही नव्हतं. माणूस खरं बोलला होता आणि तरी त्याचं प्रकरण ढासळलं, ते माझ्या अर्ध्या ओळीमुळे. तेव्हापासून 'कधीपासून' या प्रश्नाआधी मी 'काय करताना' हे विचारतो आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतो.

आता "हाड मोडलं नाही" याबद्दल. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. घोट्यात मुरगळतं ते लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा, आणि तो एक्स-रेवर दिसत नाही. पाय आत वळून पडलो की बाहेरच्या बाजूचे पट्टे ताणले जातात, त्यातला पुढचा बहुधा आधी जातो. कंबरेतली चमक वेगळी. तिथे स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारी कंडरा ताणली जाते, विशेषतः वजन हातात असताना कंबर वळली की. पहिल्याला डॉक्टर स्प्रेन म्हणतात, दुसऱ्याला स्ट्रेन. आपल्याकडे पहिलं 'मुरगळलं', दुसरं 'उसण भरली', आणि दोन्ही ऐकून सुपरवायझर म्हणतो, "बाम लाव." ताणाचे तीन दर्जे असतात. पहिल्यात पट्टा नुसता ताणलेला, एक-दोन आठवड्यांत माणूस चालता होतो. दुसऱ्यात अर्धवट फाटलेला, तीन ते सहा आठवडे. तिसऱ्यात पूर्ण तुटलेला, आणि मग महिन्यांचा हिशोब करायचा. नॉर्मल एक्स-रेचा अर्थ एवढाच की हाड शाबूत आहे. पट्टा शाबूत असल्याचा तो पुरावा नाही.

एक्स-रे काढायचा की नाही हेही हाताने तपासून ठरतं. कॅनडात १९९२ साली ठरलेले ऑटावा नियम आम्ही वापरतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये अंगठ्याने दाबायचं. करंगळीच्या रेषेत पायाच्या बाहेरच्या कडेचं हाड आणि आतल्या बाजूचं नेव्हिक्युलर हाडही दाबून बघायचं. मग विचारायचं, पडल्यावर लगेच आणि आत्ता माझ्यासमोर, चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील. कुठेही हाडावर दुखलं नाही आणि चार पावलं पडली, तर एक्स-रेची गरज बहुधा नसते. सूज उतरल्यावर, म्हणजे पाचेक दिवसांनी, मी टाच तळहातात धरून पाय पुढे ओढून बघतो. चांगल्या पायाच्या मानाने तो जास्त पुढे सरकला तर पुढचा पट्टा गेलाय. पहिल्या दिवशी हे नीट कळत नाही, सुजेमुळे माणूस पाय घट्ट धरून ठेवतो. म्हणून म्हणतो, मिस्टरांना दुसऱ्यांदा तपासून घ्या आणि निष्कर्ष कागदावर लिहून मागा. "घोटा दुखतो" आणि "पुढचा पट्टा सैल, दुसरा दर्जा, चार आठवडे वजन उचलणं बंद" या दोन वाक्यांमध्ये पैशांचा फरक आहे.

एमआरआयचं भूत मात्र मनातून काढा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा माणसांची स्कॅन तपासली होती. विशीतल्या ३० टक्के लोकांत मणक्याची गादी फुगलेली निघाली, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. म्हणजे चौतिसाव्या वर्षी एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली, तर त्यावरून दुखणं जुनं ठरत नाही आणि नवंही ठरत नाही. मालकाचा वकील तो रिपोर्ट हवा तसा वाचेल, तुमचाही वाचेल. माझ्या मते तीन आठवड्यांच्या साध्या कंबरदुखीला एमआरआय करूच नये, पण हल्ली पेशंटच सात-आठ हजार खर्चून फाइल घेऊन येतात. एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाऊल लुळं पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या, सकाळची वाट बघू नका.

आणि समजा गादी आधीपासून थोडी झिजलेली होती. तरीही काय? कामाच्या ताणाने जुनी कमजोरी उफाळून आली तर तीही दुखापतच. १९०३ साली लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर फेन्टन विरुद्ध थॉर्ले हा खटला आला होता. यंत्राचं अडकलेलं चाक जोर लावून फिरवताना कामगाराला हर्निया झाला. ना पडला, ना काही आदळलं. मालकाचं म्हणणं तेच, की अपघात कुठाय? न्यायाधीशांनी म्हटलं, अपेक्षा नसताना, कुणी ठरवून न करता घडलेली आपत्ती म्हणजे अपघात. तिला बाहेरून काही आदळावं लागत नाही. आपला भरपाईचा कायदा १९२३ चा, इंग्लंडच्या धर्तीवर बेतलेला, आणि हा निकाल आपल्याकडेही नेहमी दाखवला जातो. तुमच्या मिस्टरांचा तर पायसुद्धा घसरला होता. त्यामुळे "हाड मोडलं नाही म्हणजे अपघात नाही" हे वाक्य कायद्यात कुठेही नाही.

भरपाईच्या कायद्याने बघायचं एवढंच: दुखापत नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळे झाली का, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त काम बंद पडलं का. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. १९२३ च्या कायद्याचा सांगाडा तिच्यात जवळपास तसाच आला आहे, आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचाही. अर्जावर कोणतं कलम टाकायचं ते वकिलांवर सोडा.

तुमचं घोडं आधी ईएसआयच्या दाराशी न्यायचं आहे. पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे मिस्टर विम्यात असायलाच हवेत. पगारपत्रक बघा: १७,५०० वर ०.७५ टक्के म्हणजे १३२ रुपये दरमहा कापले जातात का? कापले जात असतील तर सरकारच्या उमंग ॲपवर त्यांच्या विमा क्रमांकाने अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, जमा होतोय का तेही तपासा. कापलेले पैसे वाटेतच अडकल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. ठेकेदार नोंद करत नसेल तर जबाबदारी मुख्य कारखान्यावर येते. तो मागाहून ठेकेदाराकडून वसूल करेल, ते त्यांचं त्यांनी बघावं.

आता "सुट्टी आजारपणाची टाकतो" यातली मेख. ईएसआयमध्ये आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के मिळतो. पहिले दोन दिवस धरत नाहीत, आणि आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. कामावर झालेल्या दुखापतीचा लाभ ९० टक्के, दुखापत राहील तोवर, आणि त्याला अंशदानाची काही अट नाही. कालच रुजू झालेल्या माणसालाही तो मिळतो. फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहायला हवं. तुमचाच हिशोब करून बघू. रोजचा पगार साधारण ५८३ रुपये. सहा आठवडे काम बंद धरलं तर दुखापतीचे सुमारे २२,००० आणि आजारपणाचे सुमारे १६,३००. फरक साडेपाच हजारांहून जास्त. पण मला पैशांपेक्षाही मोठं नुकसान दुसरं वाटतं. आजारपण लिहिलं गेलं की त्या घोट्याचा कामाशी असलेला संबंध कागदावरून पुसला जातो. उद्या घोटा कायमचा सैल राहिला, माणूस शिडीवर चढू शकला नाही, तर कायमचं अपंगत्व ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर न्यायचं काय?

सुपरवायझर हे का करतो, हेही सांगतो. त्याला तुमच्या नवऱ्याशी वैर नाही. अपघात झाला की अपघात वहीत, म्हणजे फॉर्म ११ मध्ये, नोंद करावी लागते. फॉर्म १२ भरून ईएसआयला कळवावं लागतं. अठ्ठेचाळीस तास काम बंद राहिलं तर कारखाना निरीक्षकाकडेही जावं लागतं. मग कुणीतरी येऊन विचारतं, तो चॅनल एकट्याने का उचलला? फार जड ओझं कुणालाही उचलायला लावू नये हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत धडधाकट पुरुषासाठीही ५५ किलोची मर्यादा सांगितली आहे. अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या सूत्रात तर सगळ्यात सोयीच्या पकडीत, सरळ उभं राहून, २३ किलोपासूनच मोजणी सुरू होते. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हे आकडे सांगा आणि बघा लोक कसे हसतात. म्हणून "घरी पडलो" हे दोन शब्द सगळ्यांना स्वस्त पडतात.

"घरी पडलो" असं केसपेपरवर खरोखर लिहिलं गेलं असेल, तर काम अवघड आहे पण संपलेलं नाही. कागद फाडू नका, खाडाखोड तर अजिबात करू नका. दुसऱ्या तपासणीला मिस्टरांनी डॉक्टरांना खरं काय घडलं ते सांगावं, पहिल्या दिवशी तसं का सांगितलं तेही सांगावं, आणि ते आजच्या तारखेने लिहून घ्यावं. मग त्या दिवसाचे मुके साक्षीदार गोळा करा. त्या दिवशीचा गेटपास, पाळी संपायच्या आधी बाहेर पडल्याची वेळ. हजेरीच्या मशीनवरचा पंच. ज्या मित्राने गाडीवर बसवून नेलं, तो. सुपरवायझरला त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर काही पाठवलं असेल तर तो मेसेज. फोन बदलायच्या आधी त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. एका प्रकरणात तर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांचा गेटपासच जिंकला होता. घरी पडलेला माणूस भर पाळीत लंगडत गेटबाहेर कशाला निघेल?

त्यानंतर लेखी सूचना. कारखान्याला आणि ठेकेदाराला एकेक, स्पीड पोस्टाने. तारीख, वेळ, जागा, काय उचलत होतो, काय झालं, कोण बघत होतं. मराठीतच लिहा, चार ओळीत. एक प्रत गणेशपेठेतल्या पंचदीप भवनात, ईएसआयच्या कार्यालयात देऊन पोचशिक्का घ्या. तीन आठवडे उशीर झाला म्हणून घाबरू नका. मालकाला अपघाताची माहिती इतर मार्गाने होती हे दिसलं की नुसत्या उशिरा सूचनेवर दावा बाद होत नाही, आणि ठेकेदाराने ५,००० दिले म्हणजे त्याला माहीत होतंच की! तो कागद घेताना त्याने स्वतःविरुद्धच पुरावा तयार केला, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

त्या कागदाचंही सांगतो. "माझी काही तक्रार नाही" अशी सही करून भरपाईचा हक्क सोडता येत नाही, १९२३ पासून असा करार रद्दच समजला जातो. भरपाईची तडजोड करायचीच असेल तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. शिवाय ते पैसे उपचारासाठी दिले असतील तर भरपाईतून वळतेही करता येत नाहीत. "दवाखान्याचं बिल आम्ही भरलं, आता काय?" हे मी शंभरदा ऐकलंय. बिल भरणं वेगळं, भरपाई वेगळी.

ईएसआयमध्ये नोंद असेल तर मालकाविरुद्ध वेगळी भरपाई मागता येत नाही. नोंद नसेलच आणि ती होतही नसेल, तर कामगार न्यायालयात भरपाई आयुक्तांसमोर जायचं. तिथली रक्कम कमी आहे हे आधीच सांगून ठेवतो. तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, आणि पगार कितीही असला तरी २०२० च्या अधिसूचनेनुसार १५,००० पर्यंतच धरतात. म्हणजे पंधरवड्याला ३,७५०, सहा आठवड्यांचे साडेदहा हजारांच्या आसपास, वर उपचाराचा खरा खर्च. माणूस २८ दिवसांच्या आत कामाला लागला तर पहिले तीन दिवस जातात. मालकाने महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळलं तर निम्म्यापर्यंत दंडही लागू शकतो. वकिलाची फी, चकरा आणि बुडालेली रोजी धरली, तर एकट्या मुरगळलेल्या घोट्यासाठी ही वाट परवडतेच असं नाही. म्हणून मी लोकांना आधी ईएसआयची नोंद करून घ्यायला भांडा म्हणतो.

कायमचं व्यंग राहिलं तर मात्र गणित बदलतं. तिथे शरीर किती टक्के बिघडलं यापेक्षा कमाई किती टक्के गेली हे बघतात. १९७६ च्या प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या निकालात डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असं सर्वोच्च न्यायालयाने मानलं. एका हाताने सुतारकाम होत नाही, एवढं साधं कारण. सैल घोटा टेबलावर काम करणाऱ्याला फार नडत नाही. पण शेडमध्ये शिडी आणि मचाण चढणाऱ्याला नडतो, आणि डॉक्टरांनी हे कामाच्या भाषेत लिहायला हवं.

नोकरीची भीती असेल तर, ईएसआयचा दुखापतीचा लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही, शिक्षाही करू शकत नाही. ठेक्यावरच्या माणसाला हे वाचून फार धीर येणार नाही, हे मलाही कळतं.

उपचाराचं थोडक्यात. पहिले दोन-तीन दिवस पाय उंच, क्रेप बँडेज, आणि बर्फ लावायचाच तर कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणून फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. मालीश मात्र नको. हाड बसवणारे काका सुजलेला घोटा चोळून देतात, वर आंबेहळदीचा लेप लावतात. लेपाला माझी हरकत नाही, चोळण्याला आहे. नुकत्या फाटलेल्या पट्ट्यावर जोर पडतो आणि सूज वाढते. कंबरेला खाटेवर पडून राहणं औषध नाही. दुखेल तेवढं थांबायचं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं. तीन आठवडे झोपून काढले असतील तर स्नायू ढिले पडले असणार, आता फिजिओथेरपिस्टकडे न्या. विम्यात असाल तर सोमवारीपेठेतल्या विमा रुग्णालयात ही सोय बघा.

कामावर कधी? एका पायावर तीस सेकंद उभं राहता आलं, दहा वेळा टाचा उचलता आल्या आणि जिना हात न धरता उतरता आला, की मी फिटनेसचा विचार करतो. आणि फिट लिहिताना "हलकं काम द्यावं" एवढंच लिहीत नाही, कारण फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हलकं काम नावाचं काही नसतं. मी लिहितो: दोन आठवडे दहा किलोवर उचलायचं नाही, शिडी नाही, दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं बसायला. असं लिहून दिलं की सुपरवायझरला नाही म्हणता येत नाही, आणि म्हटलंच तर तेही कागदावर येतं.

केसपेपरचा फोटो काढून ठेवलात की कळवा, काय लिहिलंय ते वाचून पुढचं सांगतो.